मालकीण म्हणून सही

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना पोटगीच्या खटल्यांतल्या गमती हव्या होत्या. "वाचकांना जरा हसू येईल असं लिहा, मॅडम," म्हणाले. गमती पुष्कळ आहेत. तीसेक वर्षं मी कोल्हापूरच्या कोर्टात नवरा-बायकोचे खटले चालवले, बहुतेक बायकांच्या बाजूने. राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानावर माझं ऑफिस होतं. जिना इतका अरुंद की वर येणारी बाई आणि खाली उतरणारी बाई समोरासमोर आल्या की एकीला भिंतीला टेकून उभं राहावं लागे. त्या जिन्यावर बायकांच्या आपापसात जेवढ्या गोष्टी झाल्या असतील, तेवढ्या माझ्यासमोर झाल्या नसतील. तेव्हा हसण्यासारखं थोडं सांगते. पण गेल्या दोन वर्षांत माझ्याच घरात जे झालं ते वगळून बाकीचं लिहीत बसले, तर ती लबाडी होईल. म्हणून तेही सांगते.

आधी धंद्याचं. माझ्याकडे आलेली बाई बसून पाणी प्यायली की पहिला प्रश्न असायचा, "किती मिळंल?" आणि पुरुष आला तर, "किती द्यायला लागंल?" दोघांनाही वाटतं की कायद्यात रेल्वेच्या भाड्यासारखा एक तक्ता असणार: पगार इतका तर पोटगी इतकी. असा तक्ता नाही. न्यायाधीश बघतात ते असं: नवऱ्याचं खरं उत्पन्न किती, त्याच्यावर आणखी कोण अवलंबून आहे, लग्नात दोघं कसे राहत होते, बायको काही कमावते का, मूल कुणाकडे आहे, त्याची शाळा, दवाखाना, कपडालत्ता. "शिकलेली आहे, कमवू शकते" आणि "कमावते" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला दर खटल्यात नव्याने सांगावं लागायचं. मूल सांभाळायला जिने नोकरी सोडली, तिला दहा वर्षांनी "जा, शोध नोकरी" म्हणणं सोपं असतं.

खटला चालू असताना जगायला मिळते ती अंतरिम पोटगी. शेवटी मिळते ती कायमची, दर महिन्याची किंवा एकरकमी. आणि मुलाचा खर्च वेगळा. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण "मला काही नको, फक्त सोडचिठ्ठी द्या" म्हणून कंटाळून सही करणाऱ्या बायका मी फार पाहिल्या. स्वतःचा हक्क बाई सोडू शकते. मुलाचा हक्क सोडून द्यायचा अधिकार तिला नाही. तो मुलाचा आहे, आणि मुलाचा खर्च आईबाप दोघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलायचा आहे.

आता ऐपत. सगळा खटला ह्या एका शब्दाभोवती फिरतो. दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च शपथेवर लिहून द्यावं लागतं. आणि शपथ घेतली की आपल्याकडची भली भली माणसं एकदम गरीब होतात.

पन्हाळ्यावर जेवणाचं हॉटेल चालवणारा एक गृहस्थ होता. गळ्यातली साखळी काढून आला होता, पण उन्हाने तिची पांढरी रेघ मानेवर ठेवली होती. कोर्टाला म्हणाला, "सायेब, पन्हाळ्यावर पावसाळ्यात नुसतं धुकं असतंय. हाताला हात दिसत न्हाय, तितं गिऱ्हाईक कुठनं दिसायचं?" मी त्याचाच मोबाइलवरचा व्हिडिओ न्यायाधीशांना दाखवला. त्याच धुक्यात उभा राहून तो सांगत होता, "पावणं, धुक्यात तांबडा-पांढरा रस्सा खायचा आसंल तर आमच्याकडंच या. शनवार-ऐतवार टेबल मिळणार न्हाय, आदी फोन करा." न्यायाधीशांनी फोन परत दिला आणि शांतपणे विचारलं, "टेबल नेमकं कुणाला मिळत नाही?" पोटगी त्या दिवशीच ठरली.

दुसरी गोष्ट हुपरीची. ती मी बाररूममध्ये आवाजाची नक्कल करून कितीदा सांगितली असेल. हुपरीत घरोघरी चांदीचं काम. मालन नावाची माझी पक्षकार, तिचा नवरा पैंजणांचा व्यापारी. दोन मुलींसह तिला घराबाहेर काढलं आणि कोर्टात लिहून दिलं की मी आईच्या दुकानात हिशेब लिहितो, ती देईल ते घेतो. दुकान, घर, गाडी, सगळं आईच्या नावावर. मी आईलाच पिंजऱ्यात बोलावलं. नऊवारी नेसलेली, कपाळाला बुक्का लावलेली बाई होती.

"दुकानाच्या मालकीण तुम्हीच?"

"व्हय."

"आज चांदीचा भाव काय आहे?"

तिने मुलाकडे पाहिलं.

"पैंजणाला मजुरी कशी धरतात?"

"त्ये पोराला इचारा."

"मग तुम्ही कसल्या मालकीण?"

कोर्टात हसू फुटलं. म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "पोरगं सांगतंय तितं सई करतो मी. पोटचं हाय की." मी न्यायाधीशांकडे बघून म्हटलं, "माझे प्रश्न संपले." मालनला चांगली पोटगी मिळाली. जाताना ती वाकून माझ्या पाया पडली. पुढे केव्हाही भेटली तरी पडायची.

आता माझ्या घराचं.

आमच्या ह्यांचा उद्यमनगरात छोटा कारखाना होता. फौंड्रीतून कास्टिंग यायचं, त्यावर लेथचं काम करून पंपाचे भाग तयार करायचे. हे थोड्या दिवसांच्या आजाराने गेले तेव्हा आमचा मुलगा निखिल नुकताच इंजिनिअर झाला होता. बँकेला कर्जासाठी जबाबदार माणूस हवा होता, म्हणून फर्म माझ्या नावावर केली. तेव्हा त्यात काही डाव नव्हता. पुढे निखिलने कारखाना खूप वाढवला. नवी मशिनं घेतली, पुण्याच्या कंपन्यांची कामं आणली. मालकीण मात्र मीच राहिले. तो कागद आणायचा, जिथे सही करायची तिथे रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या असायच्या, आणि मी पक्षकाराशी बोलता बोलता सह्या करायचे. वाचल्याशिवाय सही करू नका, असं त्याच खुर्चीत बसून मी बायकांना सांगत असायचे.

माझी सून अश्विनी गडहिंग्लजची. वडील शाळामास्तर होते, आता निवृत्त. ती स्वतः एम.एस्सी. झालेली, लग्नाआधी आणि नंतरही राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये विज्ञान शिकवायची. रेवा झाली तेव्हा मीच तिला म्हटलं, "राहू दे आता क्लास. घरात काय कमी आहे?" प्रेमाने म्हटलं होतं. ती राहिली घरी.

दोघांत काय बिनसलं ते लिहिणार नाही. ते त्यांचं आहे. मी फक्त माझं सांगते. त्यांची खोली बरोबर माझ्या डोक्यावर. वर आवाज चढला की मी खाली टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदा काही फुटल्याचा आवाज आला. सकाळी अश्विनी काचा गोळा करून खाली घेऊन आली, मी केराची बादली पुढे केली आणि विचारलं, "चहा टाकू का?" जिल्हाभरच्या बायकांना मी खोदून खोदून विचारायचे की त्या दिवशी नेमकं काय झालं. तिला काही विचारलं नाही.

एका मार्च महिन्यात परीक्षा संपल्यावर ती रेवाला घेऊन गडहिंग्लजला गेली ती आलीच नाही. मग कोर्टाची नोटीस आली. घटस्फोट, आणि त्यासोबत स्वतःसाठी व रेवासाठी पोटगीचा अर्ज. वकील गडहिंग्लजचे देसाई, तरुण मुलगा. नोटीस वाचून मला राग आला तो एवढ्याचाच, की सगळ्या जगाच्या बायका माझ्याकडे येतात आणि ही दुसऱ्या वकिलाकडे गेली. ती माझ्याकडे का आली नसेल, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

निखिलने आपला वकील लावला. मी त्यात पडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते ठरवणं मला मोठं तत्त्वाचं वाटत होतं.

एके दुपारी आम्ही दोघं जेवत होतो. निखिलने ताटाशेजारी एक कागद ठेवला. फर्मच्या नावाचा, वर आमच्या ह्यांनी काढून घेतलेलं चक्राचं चिन्ह.

"ह्याच्यावर सही कर, आई. मालकीण म्हणून."

पगाराचा दाखला होता. निखिल आमच्या फर्ममध्ये सुपरवायझर आहे आणि त्याला महिना अठरा हजार पगार मिळतो, असा मी दाखला द्यायचा होता. शपथपत्रात त्याने तसं आधीच लिहून दिलं होतं.

"अठरा हजार?" मी विचारलं.

"वकिलानं सांगितलंय. फर्म तुझ्या नावावर हाय, म्हणजे कागदावर मी नोकरच की."

"तुझ्या गाडीचा हप्ता ह्याहून जास्त आहे."

"गाडी फर्मची हाय."

"निखिल, मी ह्याच गोष्टीसाठी लोकांना—"

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "इतकी वर्षं तू दुसऱ्यांच्या बायकांसाठी भांडलीस. बाबा आजारी होते तेव्हाबी तू कोर्टात होतीस. एकदा माझ्यासाठी कर. एवढंच मागतोय."

"आणि रेवा?"

"रेवाला मी कमी पडू देणार हाय का? तिची फी मी डायरेक्ट शाळेत भरतो. अश्विनीच्या हातात पैसा कशाला?"

मी म्हटलं, ठेव तिथे, बघते. तो कागद मी ओट्यावरच्या डब्याखाली सरकवला. सही केली नाही. पण करणार नाही असंही म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्याचं पटायला लागलं होतं. वडील नसलेला मुलगा, एकट्याने धंदा उभा केला, घर मोडलं. रात्रंदिवस मशिनांच्या आवाजात राबून कमावलेलं त्याने असं का काढून द्यावं? अश्विनी हुशार आहे, कुठेही शिकवेल. असे विचार डोक्यात येत होते आणि ते माझेच आहेत असं मला वाटत होतं. ते समोरच्या वकिलांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकलेले होते, हे लक्षात येत नव्हतं.

जूनच्या तोंडावर अश्विनीच्या वडिलांचा फोन आला. फार संकोचाने बोलत होते. "विहीणबाई, रेवाच्या तिकडच्या शाळेतनं फोन आलता. फी भरायची मुदत संपत आली म्हणतात. निखिलराव भरतो म्हणालते, अजून भरलेली न्हाई. माझ्या पेन्शनमधनं एवढी एकदम... तुम्ही जरा बोलून बघता काय?"

मी म्हटलं, "अहो गुरुजी, रेवा आमचीच आहे. तिला आम्ही काय कमी पडू देणार आहोत का? अश्विनीला म्हणावं परत ये. इथे सगळं आहे."

मग ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

फोन हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. "पोरगी आमचीच आहे, तिला काय कमी पडू देणार आहोत का" हे वाक्य कोर्टात प्रत्येक सासू म्हणते. शब्दही बदलत नाही. ते आलं की मी चष्मा काढून विचारायचे, "मग आतापर्यंत काय काय दिलंत ते सांगा." मला कुणी विचारलं असतं तर सांगायला काहीच नव्हतं. निखिलला त्या संध्याकाळी फीचं विचारलं. तो म्हणाला, "आदी पोरीला हिकडं आणू दे, मग भरतो." मला गप्प बसावंसं वाटलं आणि मी गप्प बसले.

कोर्टात निखिलचे वकील तारखा घेत राहिले. दाखला मिळायचा आहे, मालकीण आजारी आहेत. मी ठणठणीत होते. तारीख म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याच्यासाठी प्रत्येक तारीख म्हणजे सुटका. जिला घ्यायचे आहेत ती गाडीभाडं घालून येते, दिवसभर बसते आणि पुढची तारीख घेऊन परत जाते. हुकूम झाला की अर्जाच्या दिवसापासूनचे पैसे मिळतात, हे खरं. पण तोवर दुकानदार आणि शाळा थांबत नाहीत.

मुलीला भेटायची परवानगी निखिलला कोर्टाने दिली होती. कोर्टाच्या इमारतीतच मुलांसाठी एक खोली आहे, भिंतीवर ससे-हत्ती काढलेली. एका शनिवारी निखिल मला बरोबर घेऊन गेला. आधी त्याने एकट्याने भेटायचं, मग मी, असं ठरलं. मी बाहेर बाकड्यावर बसले. त्याच बाकड्याजवळून मी हातात फायली घेऊन घाईघाईने जायचे आणि बसलेल्या बायका पदर सावरून उठायच्या. बसल्यावर समजलं की ते बाकडं डगमगतं.

"म्याडम, वळाकलं न्हाईसा व्हय?"

हुपरीची मालन. केस पांढरे झालेले, पण तब्येत छान. बरोबर एक तरुण मुलगी होती, डोळे सुजलेली. "शेजारच्यांची ल्येक हाय. हिला धीर द्याला आलोय," ती म्हणाली आणि माझ्या पाया पडली. तिची मोठी मुलगी नर्स झाली, धाकटीचं लग्न झालं, ती स्वतः घरी पैंजणांचं काम घेते, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मग विचारलं, "तुमी भाईर कशापायी बसलाय? कुनाची केस हाय?"

"ओळखीच्यांची," मी म्हटलं.

"सासू खमकी हाय काय?" ती हसली. शेजारच्या मुलीला सांगायला लागली, "ह्यांनी माज्या सासूला काय इचारलं म्हाईत हाय? चांदीचा भाव काय म्हणून. म्हातारीची वाचाच बसली. म्याडम, हिच्या सासूलाबी तुमीच इचारा."

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. रेवा "आजी" करत पळत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मागून निखिल आला. पलीकडच्या भिंतीशी अश्विनी उभी राहिली, हातात रेवाची पाण्याची बाटली. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

मालनने निखिलकडे पाहिलं, मग अश्विनीकडे, मग माझ्याकडे. कोर्टाच्या खेपा घातलेल्या बाईला असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. तिने शेजारच्या मुलीचा हात धरला, "येतो, म्याडम," म्हणाली आणि गेली. जाताना पाया पडली नाही.

घरी जाताना गाडीतच मी निखिलला सांगितलं, "मी त्या दाखल्यावर सही करणार नाही. आणि कोर्टाने विचारलं तर खरं ते सांगेन."

त्याने गाडी दसरा चौकाच्या अलीकडे कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"म्हणजे तू माझ्याविरुद्ध साक्ष देणार."

"मला साक्ष द्यायला लागेल असं तू करू नकोस. वकिलाला सांग, खरं उत्पन्न लिहून द्या. अजून दुरुस्ती करता येते."

"अश्विनीनं सांगितलं काय तुला?"

"तिने मला काहीच सांगितलेलं नाही. कधीच नाही. हेच तर..."

त्याने गाडी सुरू केली. शपथपत्र काही दुरुस्त झालं नाही.

पुढच्या तारखेला देसाई वकिलांनी अर्ज दिला की फर्मच्या मालकिणीला बोलवावं. लोक पुढे म्हणाले की मॅडम स्वतः उभ्या राहिल्या. मी उभी राहिले नाही, मला बोलावलं गेलं. समन्स घेऊन बेलिफ दारात आला तो माझ्या ओळखीचा. "सही करा मॅडम," म्हणताना तो जमिनीकडे बघत होता.

साक्षीच्या दिवशी देसाईंनी फार अदबीने विचारलं. मला वाटलं होतं, मी लोकांना जसं सोलून काढायचे तसं हा मला काढेल. त्याने आवाज खाली ठेवला होता, आणि ते सहन होत नव्हतं.

"मॅडम, फर्म आपल्या नावावर आहे?"

"हो."

"कामगार किती आहेत, सांगू शकाल?"

मला माहीत नव्हतं.

"नवीन मशीन कधी घेतलं?"

तेही नव्हतं माहीत.

"आपण कारखान्यात शेवटच्या कधी गेला होता?"

"खंडेनवमीला. मशिनांच्या पूजेला."

कोणी हसलं नाही. न्यायाधीश बाई माझ्याहून खूप लहान, माझ्यासमोर त्यांनी वकिली सुरू केलेली. त्या कागदावर लिहीत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. देसाईंनी विचारलं, "मग फर्मचे निर्णय आणि फर्मचा नफा, हे प्रत्यक्षात कुणाचं आहे?"

समोर निखिल बसला होता. लहानपणी तापात पडला की असंच तोंड करायचा. मला हुपरीच्या म्हातारीचं बोलणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं: पोटचं हाय की. तिच्यावर अख्खं कोर्ट मी हसवलं होतं.

"माझ्या मुलाचं," मी म्हटलं. "सगळं त्याचंच आहे. मी फक्त सह्या केल्या. न वाचता."

हुकूम झाला. अश्विनीला आणि रेवाला वेगवेगळी रक्कम, अर्ज केला त्या दिवसापासून. फर्मचा नफा हेच नवऱ्याचं उत्पन्न धरलं. अश्विनीने मुलीसाठी नोकरी सोडली, ह्याचाही कोर्टाने विचार केला. रक्कम वाजवी होती. मी तिची वकील असते तर आणखी थोडी मागितली असती.

बाररूममध्ये दोन-तीन तरुण वकिलांनी मला चहा पाजला. "मॅडम, तुम्ही आदर्श घालून दिलात. पोटच्या मुलाविरुद्ध," वगैरे. मी कपात बघत बसले. त्यांना कसं सांगू की हे मी तत्त्वासाठी केलं नाही. एका जुन्या पक्षकार बाईच्या नजरेतून उतरले ते मला सोसलं नाही, आणि शपथेवर खोटं बोलताना पकडली जाण्याची भीती होती. ह्या दोन कारणांत रेवा कुठे होती, हे मी अजून शोधते आहे.

बाहेर व्हरांड्यात अश्विनी भेटली. ती थांबली म्हणून मी थांबले. काहीतरी बोलेल, रागावेल, असं वाटलं. मीच आधी म्हटलं, "आता पैसे सुरू होतील. रेवाला पुन्हा इकडच्या शाळेत घाल. नाव तर असेलच पटावर."

"नाव कमी केलं, आई," ती म्हणाली. "फी भरली न्हाई म्हणून. मीच जाऊन शाळा सोडल्याचा दाखला काढला. आता तिकडंच घातलंय, बाबांच्या जुन्या शाळेत."

"मला सांगितलं नाहीस."

"बाबांनी फोन केला होता की तुम्हाला."

तिने हे टोचून म्हटलं नाही. तिची एसटीची वेळ झाली होती, ती गेली.

फर्म मी निखिलच्या नावावर करून दिली. तो वरच राहतो. पोटगी बँकेतून जाते, कधी वेळेवर, कधी चार दिवस उशिरा. माझ्याशी लागेल तेवढं बोलतो. औषधं आणलीस का, गॅस संपलाय का. एकदा जिन्यात समोरासमोर आलो तर मला वाट द्यायला भिंतीला टेकून उभा राहिला, मी पुढे गेल्यावर वर गेला. हे लिहायच्या आधी मी दोघांना विचारलं. अश्विनी म्हणाली, नावं बदला. निखिल म्हणाला, "तुला लिहायचंच आसंल तर लिही." नावं बदलली आहेत.

गेल्या महिन्यात मी गडहिंग्लजला गेले. निरोप न देताच एसटीत बसले, आधी कळवलं असतं तर कदाचित जायचा धीर झाला नसता. अश्विनी आता तिथल्या एका क्लासमध्ये शिकवते, ती यायची होती. गुरुजी बाजारात गेले होते. दार रेवाने उघडलं. उंच झालीय. शाळेचा गणवेश अंगावर होता आणि हातात अर्धी खाल्लेली भाकरी. कोल्हापुरात असताना ती माझ्या ताटात जेवायची, "आजी, तू सरक ना" म्हणून माझ्याच पाटावर बसायची.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान आत वळवून हाक मारली, "अज्जी, कोल्हापूरच्या आजी आल्यात." तिकडे आईच्या आईला अज्जी म्हणतात.

मग माझी पिशवी नीट दोन्ही हातांनी घेतली, खुर्चीवरची पुस्तकं उचलली आणि म्हणाली, "तुम्ही बसा. मी पाणी आणते."

मी बसले.